तीस दिवसांची मुदत

ताई मंगळवारी सकाळी गेली.

आम्ही दोघं भावंडं ठाकूरद्वारच्या चाळीत राहत होतो. लग्न दोघांनीही केलं नाही. मी ग्रंथालयात नोकरी केली, ती सरकारी कचेरीत. चाळीच्या ग्रुपवर एखाद्या पुढाऱ्याची घोषणा आली की ती संगणक उघडून मूळ सरकारी कागद शोधायची आणि अथपासून इतिपर्यंत वाचायची. मी तेवढ्यात चहा करायचो.

तेराव्यानंतर ग्रुपवर एक चित्र आलं. वर आमदारांचा फोटो, खाली सरकारी कागदाचा क्रमांक, तारीख आणि मजकूर: पुनर्विकासाच्या नव्या धोरणानुसार मृत भाडेकरूच्या वारसाने तीस दिवसांत संमती दिली नाही, तर खोलीवरचा हक्क जाईल. खोली ताईच्या नावावर होती. शेजारच्या वहिनी बिल्डरच्या माणसाकडून संमतीपत्र घेऊनच आल्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले.

“भाऊ, करून टाका सही. एवढा आमदार फोटो लावून खोटं बोलेल?”

“फोटो कुणीही लावतं, वहिनी.”

“झालं! आता तुम्हीही ताईंसारखं सुरू करा.”

मी शोधायला बसलो. बातमी पाच ठिकाणी सापडली, पण वाक्यं पाचही ठिकाणी तीच. म्हणजे बातमी एकच होती. मग सरकारी संकेतस्थळावर चित्रातला क्रमांक टाकला, तर कागद खरंच निघाला. विषय तोच, तारीख तीच. मी वहिनींना सांगून आलो, खरं आहे, संध्याकाळी सही करतो.

ग्रंथालयात पुस्तकाची नोंद शीर्षकपानावरून करतात, आत वाचावं लागत नाही. मी इथेही तेच केलं होतं. जेवण झाल्यावर उरलेली सहा पानं वाचली, कारण ताईने वाचली असती. तो निर्णय नव्हता, मसुदा होता. तीस दिवस लोकांनी हरकती पाठवण्यासाठी होते. वारसाचा हक्क जाण्याबद्दल एक ओळही नव्हती. आमदारांच्या स्वतःच्या फेसबुक पानावर ते चित्रही नव्हतं.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या खाली बसल्या.

“अहो, मी सकाळीच सही देऊन बसले की!”

त्यांच्यासाठी संमती मागे घेतल्याचं पत्र मी लिहिलं. दोघांच्या हरकतीही पाठवल्या. वहिनींचा सही केलेला कागद अजून परत आलेला नाही. मी सही केली नाही. खोली माझ्या नावावर करण्याचा अर्ज दिला आहे. तोवर भाडेपावती ताईच्या नावाने येते.