सदूकाकांचा पांढरा खडा

सदूकाकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम लाकडाचा भुसा असे. धरणांची मॉडेलं बांधणारे ते गवंडी. आमच्या प्रयोगशाळेत सांडव्याची पन्नासपट लहान प्रतिकृती उभी राहिली, की पाणी सोडायचं, चिमूटभर भुसा टाकायचा आणि उकिडवं बसून बघायचं. भोवरा कुठे फिरतो, धार कुठे आदळते, ते भुसा दाखवायचा. मी नवा इंजिनिअर. घोटाभर पाण्यावरून खऱ्या पुराचा अंदाज बांधणं मला पोरखेळ वाटे. काका म्हणत, “पानी ल्हान झालं म्हनून त्याची खोड जात नाय, सायेब.”

एकदा लांज्याकडच्या, त्यांच्याच गावच्या धरणाचं मॉडेल आलं. सांडव्याखाली डाव्या काठावर काकांनी एक पांढरा खडा ठेवला. ते त्यांचं घर. नकाशात तिथे कातळ होता, म्हणून मी काठ सिमेंटचा करवला. मोठ्या पुराइतकं पाणी सोडलं. खडा हलला नाही. मी खूश. काका काठ बोटांनी ठोकून बघत होते.

“कातळ वरवरचा हाय, सायेब. खाली मऊ माती. माजी हीर मीच खनलीय. वाळूचा काठ करून बगूया.”

“काका, घर जाईल तुमचं. राहू दे ना.”

“घरासाटी पान्याला खोटा काठ दाकवू?”

सिमेंट त्यांनीच फोडलं, वाळू त्यांनीच भरली. या खेपेला काठ खालून पोखरला आणि खडा पाण्यात गेला. भुशाची चिमूट त्यांच्या हातात तशीच राहिली. खडा मी उचलून ठेवला. पुढे काठावर बोअर घेतलं, तर मातीच लागली. वाडी उठवायचं ठरलं.

हातखंब्याजवळ, हायवेलगत त्यांना प्लॉट मिळाला. काका तिथे रमले नाहीत. “हितं वहाळाच्या पान्याचा आवाज नाय, निसते ट्रक,” एवढंच फोनवर म्हणायचे.

यंदा मार्चमध्ये ते गेले. मी भेटायला गेलो. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. काकूंनी चहा दिला.

“परवा जुन्या घराकडं जाऊन आले. जोतं हाय तसं हाय. फनस लागलेत. एवढे पावसाळे झाले, सायेब, पानी काय आलं नाय.”

मॉडेलात सोडला तसा पूर पिढीत एखादाच येतो, हे मला सांगता आलं असतं. मी चहा पीत राहिलो.

“तो खडा तुमच्याकडं हाय ना?” त्यांनी विचारलं.

“आहे. टेबलावर.”

“मंग द्या पाटवून. जोत्यावर नेऊन ठेवते.”