करकर कुणाला द्यायची

करकरमामांनी केलेलं पायताण गल्लीच्या टोकाला वाजलं, की शिवाजी पेठेतली माणसं मान वर न करता सांगायची, "पोस्टमास्तर आले." प्रत्येक जोडाची करकर मामा वेगळी काढत. तळाच्या दोन थरांमध्ये ते काय बसवत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी त्यांच्याकडे चामड्याच्या वेण्या घालायला होते, मलाही नाही.

पण हात इतका बसल्यावर मामांना निराळाच घोर लागला. करकर काढता येते, पण द्यायची कुणाला? गिऱ्हाईक आलं, की माप घ्यायच्या आधी म्हणत, "पावणं, जरा बोला की." आणि डोळे मिटून ऐकत.

एकदा एक तरुण पुढारी आले. "मामा, मी यायच्या आधी पेठंला कळलं पायजे, असा आवाज काढा!" मामांनी मुकाट्यानं जोड करून दिला. आठवड्यात पुढारी परत.

"मामा, ह्ये वाजतच न्हाय!"

"तुमी वाजताय की. दोघांनी कशाला वाजायचं?"

मामी कपाळावर हात मारून घ्यायच्या. "धंदा करतायसा का न्यायनिवाडा?"

"धड येत न्हवतं तवर समद्यांना दिलं," मामा म्हणायचे. "आता येतंय, तर बघून द्याय नको?"

मी नववीतून शाळा सोडून गडहिंग्लजहून आलेली. बोलायचं म्हटलं की मी मान खाली घालून वेणी ओढत बसायची. तासभर दुकानात बसून असले, तरी मामी दचकायच्या, "अगं बया, कवा आलीस?" बेंगळुरूच्या एका कारखान्याला वेण्या शिकवायला बाई हवी होती. मामांनी माझं नाव परस्पर कळवून टाकलं. मी रडकुंडीला आले. "परक्या मुलखात मी दारातनं आत तरी कशी शिरू, मामा?"

जायच्या दिवशी त्यांनी एक जोड पुढे सरकवला. पायात घालून पाऊल टाकलं, तर पायरीवरचं कुत्रं उठून पळालं. एवढी करकर मामांनी कुणालाच दिली नव्हती.

"मामा, लाज वाटतीया!"

"वाटू दे की. जा वाजत."

कारखान्यातली फरशी गुळगुळीत, सगळं चिडीचूप. चोरपावलांनी शिरायला गेले आणि करकर्र! सगळ्या माना वर झाल्या. आता बोलणं भागच होतं. "नमस्कार," मी म्हणाले, "वेण्या शिकवायला आलेय."

मामा आता नाहीत. परवा तळ झिजला म्हणून जोड इथे बेंगळुरूतल्या कारागिराकडे नेला. आत काहीतरी अडकलंय, काढून टाकतो, अशी त्यानं खूण केली. मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं, मराठीतच ओरडले, "हात लावलास तर ह्याच पायताणानं हाणीन!"