फिटर सध्या काय करतात?

बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या कारखान्यात नवं यंत्र आलं आणि फिटर घरी आले. बरोबरचे काही रखवालदार झाले, एकाने सायकलदुरुस्ती सुरू केली. फिटर मात्र मोडेन पण वाकणार नाही या जातीचे. "फाटक उघडायला जन्मलो नाही मी!" पहिल्या वर्षी त्यांनी काम शोधलं, दुसऱ्या वर्षी शोधतोय म्हणून सांगितलं, तिसऱ्या वर्षी सांगणंही सोडलं. लग्नकार्याला जाईनात. तिथे हमखास कुणीतरी विचारायचं, "सध्या काय करता?" या प्रश्नाची त्यांनी खरोखर धास्ती घेतली होती.

मग सुनेला प्रयोगशाळेतली जुनी नोकरी परत मिळाली. नात दीड वर्षाची, पाळणाघर बंद पडलेलं, फिटरांची बायको शिवणकामाच्या कारखान्यात. सगळ्यांनी फिटरांकडे पाहिलं.

"बेकार आहे म्हणजे रिकामा आहे असं नाही!" फिटर कडाडले.

"मग काय करता हो दिवसभर?" बायकोने विचारलं.

दुसऱ्याच दिवशी नात पदरात पडली.

फिटरांनी पाळण्याला बेअरिंग बसवलं. एक झोका दिला की पोर झोपेपर्यंत पाळणा थांबायचं नाव घेईना. गल्लीत बोभाटा झाला. समोरच्या नर्सबाईंनी "दोनच दिवस हं" म्हणत जुळी आणून सोडली, ती तिथेच रुळली. बदल्यात मिळायचं फक्त कौतुक.

एक दिवस बेकारांची मोजणी करणारी सरकारी पाहणीवाली आली. हातात टॅब्लेट, कडेवर रडकी पोर.

"काका, सध्या काय करता?"

"दिसत नाही?" फिटरांच्या खांद्यावर एक, पायाला दोन.

"पैसे मिळतात?"

"नाही."

"मग ते काम नाही. काम शोधताय?"

"सवड कुठाय?"

"मग आमच्या हिशेबात तुम्ही बेकारही नाही."

फिटर खचलेच. इतकी वर्षं निदान बेकार तरी होते!

तेवढ्यात कडेवरच्या पोरीने टाहो फोडला. फिटरांनी तिला उचललं, पाळण्यात घातलं, झोका दिला. पोर गाढ झोपली. बाई बघतच राहिली.

"काका, हिला रोज ठेवाल? हिला घेऊन दारोदार फिरते म्हणून साहेब काढायला निघालेत मला. फुकट नको, पैसे देईन."

फिटरांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"तो मघाचा प्रश्न पुन्हा विचारा."

"सध्या काय करता?"

"कामावर आहे," फिटर म्हणाले. "आणि जरा हळू बोला, पोर उठेल."