बांधावरचं पहिलं संत्रं

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. भाचा म्हणाला, "आत्या, बाबा गेले." मी म्हटलं, "बरं, हात धुते." असं कोणी म्हणतं का? पण या वयात बातमी काळजात उतरायलाही वेळ लागतो… बसनं पांढुर्ण्याहून सौंसर, तिथून भावाचं बोरगाव. रडू आलं नाही, नुसता थकवा आला.

संत्र्याच्या बागेला ताण द्यावा तर माझ्या भावानं. उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की नेमक्या वेळी सोडायचं, मग झाड फुलांनी लदबदतं. ती वेळ त्याला कळायची. गाव विचारायला यायचं. पहिलं संत्रं बांधावरच्या शेंदरी देवापुढं ठेवायची आमची रीत. एका वर्षी आईनं ते देवासाठी मागितलं, तर भावानं तिच्यासमोरच सोललं. "मेहनत माही अन् संत्रं त्याले? पाणी का त्यानं तोडलं होतं?" मी फिदीफिदी हसले, वरून अर्धं मागून खाल्लं. नवी नवरी, मॅट्रिक पास, सासरी भावाच्या बागेचा तोरा मिरवणारी… जशी काही झाडांना फुलं माझ्याच वेणीतून गेली होती!

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं ताण लांबवला. असा बहार आणीन की सौंसर पाहत राहील, म्हणे. वहिनी काकुळतीला आली, "अहो, झाडं मरून राहिले. विहिरीत पाणी हाय, सोडा ना आता." तो म्हणाला, "झाड मले विचारून फुलते." पाणी सोडलं तेव्हा उशीर झाला होता. अर्धी बाग पुन्हा हिरवी झालीच नाही. वाळल्या फांद्यांना तो हात लावून लावून पाहायचा…

त्यानंतर दर बहाराचं पहिलं संत्रं तोच बांधावर ठेवी. मी चिडवायची, "काय रे भाऊ, देवाले भ्याला का?"

"देवाले नाही वो. मले माहंच भेव लागते."

परवा भाचा नव्या बहाराच्या संत्र्यांची पिशवी घेऊन माझ्याकडं आला. विचारलं, "पहिलं ठेवलं का रे?" म्हणाला, "या वर्षी बहार म्याच आणला आत्या, बाबा तर खाटेवर होते."

बापाचाच आवाज. या खेपेला मी हसले नाही. पिशवीतलं एक संत्रं त्याच्या खिशात कोंबलं. "बांधावर ने. तुह्या बापाची जागा रिकामी हाय."

खिसा फुगवून गेला. बसमध्येच सोललं की बांधापर्यंत नेलं, कोण जाणे. फोन करून विचारायचं म्हणते रोज… भेव लागते.