गावंडे सरांचा पूर्णविराम

घाटंजीजवळच्या तांड्यावरची उज्ज्वला बीएड करत होती आणि दोन वर्षांत तिला ‘विद्यार्थीकेंद्री शिक्षण’ अगदी तोंडपाठ झालं होतं. होणारच! गावंडे सर ते सांगून उतरवून घ्यायचे. “लिहा. विद्यार्थ्यानं स्वतः विचार करावा. पूर्णविराम.” कुणी हात वर केलाच तर “शंका शेवटी,” आणि शेवटी घंटा व्हायची.

आता शेवटचा सराव पाठ उरला होता. शाळेत मागच्या बाकावर सर वही घेऊन बसणार. पोरगी मास्तरीण होणार म्हणून तिच्या बापानं, सेवादासनं, तांडाभर सांगून ठेवलेलं. पाठ फसला तर वर्ष वाया, अन् वरून टोमणे फुकट.

विषय होता कपाशी. सरांनी स्वतः रंगवलेला तक्ता तिनं भिंतीवर लावला. त्यात पांढऱ्याशुभ्र फुटलेल्या बोंडाखाली झोकात लिहिलं होतं, ‘फूल’. उज्ज्वलाचं बालपण कापूस वेचण्यात गेलेलं, पण तक्ता पडला सरांचा! “सांगा, हे काय आहे?” तिनं विचारलं आणि धास्तीपोटी उत्तरही देऊन टाकलं, “फूल.”

पहिल्या बाकावरची खुशी ताडकन उठली. “मॅडम, इचारताबी तुमीच अन् सांगताबी तुमीच. मंग आमी कायले आलो? अन् ते फूल नाही, बोंड हाये!”

वर्ग खदखदून हसला. उज्ज्वलापुढं पेच पडला. पोरीला खोटं पाडावं तर आजवर वेचलेला कापूस खोटा, खरं म्हणावं तर मागं सर. शेवटी ती म्हणाली, “मंग फूल कसं असते? जाय, घेऊन ये.”

शाळेच्या कुंपणाला लागूनच वावर. खुशीनं दोन फुलं आणली, एक पिवळं, एक गुलाबी. “हे आजचं, हे कालचं.” मग पोरं जी सुटली! बोंडात अळी कुठून शिरते, वेचताना बोटाला कुठं टोचते, सगळं निघालं. उज्ज्वला खडू धरून ऐकत राहिली. सरांनी दोनदा तोंड उघडलं, पण त्यांची शंका शेवटीच राहिली, आणि घंटा झाली.

सर वही तिच्या हातात देऊन निघून गेले. लाल शाईत शेरा होता, ‘शिक्षिका कमी बोलली. विद्यार्थीच फार बोलले.’ गेलं वर्ष! पण खाली होतं, ‘पंचवीसपैकी तेवीस. दोन गुण तक्ता चुकल्याबद्दल कापले’

ज्यानं रंगवला त्यानंच कापले! तिला हसू फुटलं, डोळेही भरले. सरांच्या त्या शेवटच्या वाक्याला पूर्णविराम मात्र नव्हता. तिची दोन वर्षांची सवय, दुसरं काय. उज्ज्वलानं पेन काढलं आणि पूर्णविराम देऊन टाकला.