दाराबाहेर नसलेले बूट

दत्ताराम गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मीच ती इतरांना दिली. आधी मॅनेजरला, मग इथे आखातात, हूऱ्यात त्याच्या खोलीवर राहणाऱ्यांना आणि शेवटी संगमेश्वरजवळच्या त्याच्या गावी, त्याच्या बायकोला, सुलभा वहिनींना. त्याला महिना उलटून गेला. मध्यंतरी कंपनीचा रिपोर्ट आला. टेक्निशियन परवानगीशिवाय बॅटरीच्या कंटेनरमध्ये शिरला आणि तिथे झोपला, असं त्यात लिहिलंय. खाली त्याचा इंजिनिअर म्हणून माझी सही आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे फाशीचा हुकूम चोरानेच लिहिला. गावात आता त्याच्याबद्दल काय बोलत असतील त्याची मला कल्पना आहे, म्हणून हे लिहितो आहे.

हिद्दमधल्या एका कारखान्याच्या छपरावर आम्ही सोलर पॅनल बसवले होते आणि दिवसाची जास्तीची वीज साठवायला आवारात बॅटऱ्यांनी भरलेला एक कंटेनर. पुण्यातल्या नातेवाइकांना वाटतं, आखातात काय, ऊनच ऊन, तुम्हा सोलरवाल्यांची चांदी. ऊन फार तापलं की पॅनलची वीज उलट कमी होते, आणि दमट हवेत त्यावरची धूळ चिखलासारखी चिकटून बसते, हे त्यांना सांगूनही पटत नाही. तो चिखल दत्ताराम पहाटे घासून काढायचा. मूळचा गावाकडचा वायरमन, हात चालू की तोंडही चालू. "सूर्य फुकटचा, साहेब, पन त्याची चाकरी भारी," असं म्हणायचा.

बॅटऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांना गरमी सोसत नाही, म्हणून कंटेनरला चोवीस तास एसी. उन्हाळ्यात इथे दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला बंदी असते. कायदा चांगला आहे. पण त्या चार तासांत माणसांनी बसायचं कुठे, तर पत्र्याच्या केबिनमध्ये, जिचा एसी उन्हाळ्याच्या तोंडालाच बंद पडला होता. मी मेलवर मेल पाठवले. उत्तर आलं, इंशाल्ला. कंटेनरचा एसी बिघडला तर मात्र तासाभरात माणूस हजर. एका दुपारी दत्तारामला भोवळ आली, तेव्हा मीच त्याच्या हातात कंटेनरची चावी ठेवली. "आतल्या बोळात पडत जा दुपारचा. कुणाला बोलू नकोस." तो हसला. "पुढच्या जन्मी बॅटरीच होतो, साहेब." मीही हसलो. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

आत जाताना तो बूट काढून ठेवायचा... दाराच्या डाव्या बाजूला, टाचा कंटेनरला टेकवून. वीज म्हणजे लक्ष्मी, तिच्या खोलीत बूट घालून जायचं नाही, हे त्याचं म्हणणं. सेफ्टीच्या नियमात ते अजिबात बसत नव्हतं. मी रागवायचो, तो "व्हय साहेब" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा. हळूहळू मलाच त्याचा उपयोग कळला. बूट दिसले की दत्ताराम आत. दुसरी काही खूण नव्हतीच, कारण कागदोपत्री तो तिथे नसायचा.

त्याच सुमाराला धुळीमुळे कंटेनरमधला धोक्याचा भोंगा उगाच वाजायला लागला. मी तो बंद केला आणि आग विझवणारा गॅस, ज्यात माणसाचाही श्वास कोंडतो, तो आपोआप सुटण्याऐवजी बाहेरच्या बटणावर आणला. 'तात्पुरतं' असं रजिस्टरमध्ये लिहिलं. आमच्याकडे तात्पुरतं फार टिकतं. मग ऑडिटवाले येणार असं कळलं. दारात बूट सापडले असते तर माझी नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळंच खलास. मी दत्तारामला म्हटलं, "उद्यापासून बूट आत घेत जा."

"आत? लक्ष्मीच्या खोलीत?"

"मी सांगतोय ना."

त्याने पायातल्या बुटांकडे बघितलं. "तुमी सांगताव म्हनून," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कंटेनरच्या फटीतून धूर यायला लागला. अशा वेळी दार उघडायचं नसतं. आत साठलेल्या वायूला हवा लागली की स्फोट होऊ शकतो. मी धावत गेलो आणि सवयीने दाराच्या डावीकडे बघितलं. बूट नव्हते. "आत कुणी नाही," मी मोठ्याने म्हणालो आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून जसंच्या तसं आठवतं... मी बटण दाबलं. मग गेटजवळच्या सावलीत जमलेल्या माणसांत दत्तारामला शोधू लागलो. सगळे चेहरे दोनदा बघून झाल्यावर मला माझेच शब्द आठवले.

अग्निशामक दलाने दार उघडलं तेव्हा तो दारापासून हातभर अंतरावर होता. बूट आत, पिशवीत घट्ट बांधलेले, बुटांचे तळ लक्ष्मीला लागू नयेत म्हणून. डॉक्टर म्हणाले, गॅस सुटायच्या आधी धुरानेच गेला असावा. त्या 'असावा'वर मी महिनाभर जगतो आहे. ऑडिटवाले काही आलेच नाहीत. केबिनचा एसी मात्र दुरुस्त झाला. तासाभराचंच काम होतं.

उम्म अल हस्समच्या माझ्या फ्लॅटवर पोचलो की मी आधी दारातल्या चपला-बूट बघतो, कोण आत आहे ते. मुलगी वैतागते. "बाबा, एव्हरीवन इज होम," म्हणते.

परवा सुलभा वहिनींचा फोन आला. रडल्या नाहीत. "सामानात बूट आलं, पिशवीत बांधलेलं. म्हंजे त्यांनी ते आत न्हेलं व्हतं?"

मी हो म्हटलं.

"मीटरच्या खोलीत पन कदी न्हेलं न्हाईत वो त्यांनी. कुनी सांगितल्याबिगर न्हेनार न्हाईत."

"वहिनी, आवाज तुटतोय," म्हणालो आणि फोन ठेवला.

वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्या गावात कुणी ना कुणी वाचेलच. वहिनी, आवाज अगदी स्वच्छ येत होता. चावी मी दिली होती, आणि बूट आत न्यायला मीच सांगितलं होतं.