साडभाऊंच्या सुऱ्या आणि माझा डावा हात

मासोळी साफ करायच्या सुरीतलं माझ्या साडभाऊंना जेवढं कळतं तेवढं भंडारा जिल्ह्यात खुद्द लोहारांनाही कळत नाही; आणि हे मी कौतुकाने नाही, थकून सांगतो आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गेल्या सहा वर्षांत त्यांनी हातात धरून, वाकवून, वाजवून, हुंगून नाकारली नाही अशी सुरी या जिल्ह्यात शिल्लक नसावी. आणि दर वेळी मी सोबत होतो. का होतो, ते मला विचारू नका. मी रिटायर झालेला मास्तर, घरी बसलेला, स्कूटर बाळगून असलेला. त्यात नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही. ही म्हणते, "तुमाले कोनीबी धरून नेते." खरं आहे बाप्पा. नेतात आणि मी जातो.

साडभाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणीच्या कामावर होते. समोर येईल तो तुकडा मोजायचा आणि केसभर फरक दिसला की बाजूच्या पेटीत टाकून म्हणायचं, "रिजेक." शेवटचा ट त्यांनी कधी वाया घालवला नाही. नोकरी संपली, पेटी कारखान्यातच राहिली, 'रिजेक' मात्र त्यांच्यासोबत घरी आला. पहिल्या वर्षी त्यांनी भाजीवाल्याची वांगी, शेजाऱ्याच्या फाटकाचा रंग आणि माझ्या पोरीला सांगून आलेलं एक चांगलं स्थळ नाकारलं. "पोरगा बसला का डावीकडे कलते, मास्तर. रिजेक." ही चार महिने त्यांच्याशी बोलली नाही. त्यानंतर कधीतरी त्यांची नजर मासोळीच्या सुरीवर स्थिरावली, आणि बाकीचं जग सुटलं. अडकलो तो मी.

त्यांच्याकडे दर रविवारी मासोळी. ताई, म्हणजे हिची थोरली बहीण, अंगणात पावशी मांडून बसायच्या. इतर ठिकाणी तिला विळी म्हणतात. रोहू असो की मरळ, ताईंच्या हातात ती दोन मिनिटांत खवले सोडायची, चार मिनिटांत तुकडे होऊन हळद-मिठात पडायची. साडभाऊ खुर्चीत बसून नाक मुरडायचे. "पावशीनं मासोळी तुटते, मास्तर. सुरीनं सुटते. तोडनं येगळं अन् हाडापासून सोडवनं येगळं." ताई मान वर न करता म्हणायच्या, "तुमची सुरी येईपर्यंत मासोळी काही थांबत नाही जी. तुमी आपले लसूण सोला." आणि साडभाऊ गुमान लसूण सोलायचे. लसूण मात्र त्यांनी कधी रिजेक केला नाही; ताईंचा धाक होता.

सुरी कशी असावी याबद्दल त्यांचं म्हणणं मला आता झोपेतही म्हणता येईल. पातं वीतभर लांब, बोटाएवढं रुंद, पाठीला जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेलं. वाकवलं तर वाकलं पाहिजे, सोडलं तर सरळ झालं पाहिजे. मूठ लाकडाची, ओल्या हातातून निसटणार नाही अशी. फार चमकली तर स्टील हलकं, म्हणून रिजेक. काळी पडली तर गंजणार, म्हणून रिजेक. आधी ते पात्यावर नख वाजवून कानाशी धरतात, मग कागद कापतात, मग टमाटर, आणि एवढ्यातून सुरी पास झालीच तर माझ्याकडे वळून म्हणतात, "मास्तर, हात." हात म्हणजे माझा डावा हात. बाही वर करायची आणि मनगटाच्या वरचे केस त्यांनी सुरीने खरवडून पाहायचे. एकदा मी विचारलं, "भाऊजी, स्वतःच्या हातावर का नाही?" तर म्हणाले, "तपासनाऱ्यानं सोता माल होऊ नये." सहा वर्षांत माझ्या डाव्या हातावर जागोजागी चट्टे पडले. हिला वाटलं नायटा आहे. तिने ओळखीच्या कंपाउंडरकडून मलम आणलं आणि तीन महिने चोळलं. खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही.

भंडाऱ्यातला एक भांड्यांचा दुकानदार तर आमची स्कूटर लांबून ओळखायचा. एकदा तो स्वतःच पायऱ्या उतरून खाली आला, बाहेरच आम्हाला चहा पाजला आणि पुतण्याच्या लग्नाच्या गोष्टी सांगत पुन्हा स्कूटरपर्यंत सोडून गेला. दुकानात पाऊल ठेवू दिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हेवा वाटला. मोबाईलवरून मागवलेली एक परदेशी धाटणीची सुरी आली, तेव्हा कुरिअरवाल्याला थांबवून साडभाऊंनी तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "हे सुरी होये का आरसा? परत ने." तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. मी कोणाकडे बघणार?

नाकारलेल्यातली जी सुरी त्यातल्या त्यात बरी, ती मात्र ते विकत घ्यायचे, "तूर्त" म्हणून. अशा अठरा तूर्त सुऱ्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या होत्या. मी एकदा सहज विचारलं, "भाऊजी, यातल्या एखादीनं मासोळी कापून पाहिली का?" ते मला समजावत म्हणाले, "आदी सुरी तं बरोबर भेटू द्या." ताई अंगणातून हसल्या. त्यांची पावशी चाललीच होती.

मागच्या हिवाळ्यात ताईंना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला, आणि जीभ अशी जड झाली की ताईंचं बोलणं, जे आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो, ते बंदच पडलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, मऊ खाऊ घाला, नीट बसवून, हळूहळू. घशात काही अडकायला नको. मऊ भात, वरण, लापशी. साडभाऊ चमच्याने भरवायचे आणि ताई दोन घासांनंतर तोंड फिरवायच्या. असं दोन महिने चाललं. अंगावरचं लुगडं मोठं दिसू लागलं. ही बहिणीला भेटून यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. एका रविवारी मी तिथेच होतो. साडभाऊंनी वाटी पुढे केली. ताईंनी डाव्या हाताने ती बाजूला सारली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात पावशी होती, आडवी पडलेली. साडभाऊ तिच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "तिले मासोळी पाह्यजे, मास्तर. अन् काटा एकबी चालत नाही."

बाजारात कापून मिळते ती मासोळी आडवी तुटते, काट्यांचे बारीक तुकडे मांसात राहतात. रोहूचं तर नावच काढायला नको, तिला काट्यांच्या मधून मधून थोडी मासोळी असते. मरळीला काटे कमी. ती उभी चिरून, पाठीच्या हाडावरून मांस अलगद सोडवलं, तर ताईंना देता आली असती. म्हणजे साडभाऊ सहा वर्षं जे म्हणत होते तेच. पेटीत अठरा सुऱ्या होत्या, बादलीत मरळ होती, डॉक्टरांनी "काटा नसेल तर द्या" म्हटलं होतं. आता घोडं कुठे अडावं? तर जिल्ह्यातल्या या सगळ्यात मोठ्या जाणकाराने जन्मात एकही मासोळी कापलेली नव्हती! लसूण सोलला होता फक्त.

पहिली मरळ त्यांच्या हातून निसटून पलंगाखाली गेली. मी काठीने बाहेर काढली, माझे गुडघे नाही नाही म्हणत असताना. दुसऱ्या खेपेला मरळ राहिली, बोट कापलं. तिसऱ्या खेपेला जे निघालं त्यात मांस कोणतं आणि काटा कोणता हे सांगायला पुन्हा कारखाना लागला असता. ताई भिंतीला टेकून बघत होत्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसे साडभाऊ म्हणाले, "सुरीतच खोट हाय. सानगडीले एक लोहार हाय म्हन्ते. उद्या बाजार हाय. जाऊ." मी म्हटलं, स्कूटर बिघडली आहे. ते म्हणाले, "यस्टीनं जाऊ." माझं नशीब, यष्टी बिघडली नव्हती. लोहाराला खोट दाखवायला त्यांनी काही तूर्त सुऱ्याही थैलीत घेतल्या.

सानगडीच्या लोहाराकडे दोन तास गेले. त्याने तयार असलेली एक सुरी पुन्हा तापवली, पाणी दिलं, धार लावली. साडभाऊंनी वाजवली, वाकवली, कागद कापला. "मास्तर, हात." मी हात दिला. सुरी पास झाली! सहा वर्षांत पहिल्यांदा. मला रडूच आलं असतं, पण साडभाऊंना धीर नव्हता. ते तसेच बाजारात गेले, एका म्हातारीकडून मरळ घेतली आणि तिथेच तिच्या पाटावर कापायला बसले. मरळ पुन्हा निसटली. मिरच्यांच्या ढिगात गेली. मिरचीवाली काय काय बोलली ते लिहिता येत नाही.

म्हातारीने मरळ उचलून आणली. साडभाऊंच्या थैलीत हात घालून तिने सरळ एक जुनी सुरी काढली, तूर्तांपैकी सगळ्यात वाईट, मूठ हलणारी. शेजारच्या डब्यातली चुलीची राख दोन्ही हातांना चोळली, मासोळीला चोळली, आणि शेपटीकडून डोक्याकडे अशी एक चीर नेली की अख्खी पाठ हाडावरून सुटून तिच्या तळहातावर आली. "सुरी कोनतीबी चालते जी," ती म्हणाली. "राख पाह्यजे अन् हात पाह्यजे. तुमी तं सुरीच धरून बसले, मासोळी कोन धरन?"

मला वाटलं, आता हे म्हातारीलाही रिजेक करतात. पण साडभाऊ खाली बघत होते. हातातली पास झालेली सुरी त्यांनी पाटावर ठेवली. "मले शिकवता का?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षांत या माणसाला कोणाला काही विचारताना मी पाहिलं नव्हतं.

"ह्या वयात कायले शिकता बापा?"

"घरची जेवून नाही राहिली," ते म्हणाले.

म्हातारीने आपल्याखालचं पोतं अर्धं सरकवलं आणि राखेचा डबा त्यांच्या पुढ्यात ओढला. मी तोंड फिरवून उगाच वांग्यांचा भाव विचारत राहिलो.

त्यानंतर दर बाजाराला सानगडी. साडभाऊ पोत्यावर, मी बाजूला उकिडवा, मरळीचं डोकं धरून. "दाबू नका, हाडावर सुरी टेकवा अन् जाऊ द्या," म्हातारी सांगायची, आणि चुकलं की त्यांच्या मनगटावर फटका मारायची. परतताना मासोळीच्या वासाने यष्टीत आमच्या पुढच्या-मागच्या जागा कायम रिकाम्या. घरी आता गॅस, राख कुठली? म्हणून मांडीवर राखेची पिशवी. सातव्या बाजाराला म्हातारीने त्यांनी सोडवलेली मरळ उलटीपालटी केली आणि "जा, खाऊ घाला" म्हणाली.

त्या रविवारी त्यांनी घरी एका मरळीला दोन तास लावले. चष्म्यावर कारखान्यातलं भिंग लावून, बोट फिरवून फिरवून, चिमट्याने काटे काढले. हिने कमी तिखटाचा रस्सा केला. ताईंना उशा लावून बसवलं. साडभाऊंनी मासोळी भाताशी कुस्करून पहिला घास दिला. ताई हळूहळू चावत होत्या, आम्ही तिघं त्यांच्या घशाकडे बघत होतो. घास गेला. दुसरा गेला. किती महिन्यांनी त्यांनी आपण होऊन तोंड पुढे केलं! तिसऱ्या घासाला मात्र त्या थांबल्या. डावा हात तोंडाशी नेला आणि ओठांतून काहीतरी काढून ताटाच्या काठावर ठेवलं. काटा. केसाएवढा. साडभाऊंनी चमचा वाटीत परत ठेवला.

ताईंनी काट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ओठ वाकडे झाले, जीभ जागा शोधत राहिली, आणि मग एकेक अक्षर ढकलत, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असं, त्या म्हणाल्या, "रि... जे... क." आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

साडभाऊ हसले का रडले ते मला सांगता येणार नाही, मी स्वतः काय करत होतो तेही आठवत नाही. त्यांनी ताईंना अख्खी वाटी भरवली. मग तो काटा बोटावर घेऊन माझ्याजवळ आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पाहा मास्तर. मी म्हनून राहिलो होतो ना, सुरीतच खोट हाय. तुमसरले एक जन हाय म्हन्ते."

मी थकलो आहे. साडभाऊही थकले आहेत, आता जिना चढताना थांबतात. ताईंचा हात काही परत यायचा नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. पण रविवार रविवारसारखे जात आहेत, आणि ताई जेवतात. परवा तुमसरच्या दुकानात साडभाऊंनी एक सुरी वाजवून कानाशी धरली, वाकवली, कागद कापला आणि माझ्याकडे वळले. त्यांनी म्हणायच्या आधीच मी बाही वर केली. हल्ली तिथे केस येतात ते पांढरेच येतात.